बयाजी उताणा का होत नाही

एक रान होतं. रानात एक वड होता. तो इतका पसरला होता की रानात वड आहे की वडात रान आहे, हे ठरवायला एक समिती बसली होती. ती अजून उठलेली नव्हती. वडाच्या पारंब्यांवरून रानाचं नावच पारंबवन पडलं होतं. वडासमोर एक जुना पोकळ बेहडा होता आणि त्याच्या ढोलीत सगळ्या रानाचं कोठार होतं. कोठाराच्या बाजूला तळं होतं आणि त्या तळ्यात बयाजी नावाचं कासव राहत होतं.

बयाजीला जगायला फारसं काही लागत नसे. सकाळी शेवाळ खावं, ऊन चढलं की भुरीआक्काच्या पाठीवर जाऊन बसावं आणि दोघांनी मिळून काही न बोलता दुपार घालवावी. भुरीआक्का म्हणजे रानम्हैस. ती पाण्यात बसली की तिची तेवढी पाठ वर राही आणि त्या पाठीवर बयाजीची जागा ठरलेली असे. कितीतरी उन्हाळे त्यांनी असे काढले होते. बयाजीला तिच्याशिवाय कोणी नव्हतं. कासवाची आई अंडी वाळूत पुरून निघून जाते, त्यामुळे नातेवाईक हा प्रकार कासवांच्या वाट्याला जरा कमीच येतो.

पुढे म्हातारा वाघ वारला आणि रानात निवडणूक लागली. झुंबरराव वटवाघूळ उभे राहिले. पक्ष्यांच्या सभेत त्यांनी पंख दाखवले, प्राण्यांच्या सभेत दात दाखवले. दोन्हीकडच्यांना वाटलं, हा आपलाच. झुंबरराव प्रचंड मतांनी राजे झाले.

शपथविधी वडाखाली झाला. झुंबरराव फांदीला उलटे लटकले आणि तसेच भाषण करू लागले. यात त्यांचा काही डाव नव्हता. त्यांना दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने बसताच येत नव्हतं. पण खाली जमलेल्यांची मोठी पंचाईत झाली. राजाचे पाय वर, डोकं खाली. तो हसतोय की रागावलाय हेच कळेना, त्यामुळे टाळ्या कुठे वाजवायच्या तेही कळेना. शेवटी लाखन वानराने पारंबीला शेपटीचा वेढा दिला आणि तो स्वतःच उलटा झाला. आता त्याला राजाचा चेहरा नीट दिसला. राजा हसत होता. लाखनही मोठ्याने हसला, राजाची नजर त्याच्यावर गेली आणि संध्याकाळच्या आत लाखन वनमंत्री झाला.

दुसऱ्या दिवशी रानातली झाडून सगळी वानरं उलटी होती. त्यांचं बघून खारी झाल्या. सशांनी मागचे पाय पारंब्यांना बांधून घेतले आणि लटकलेल्या सशाचे कान किती ऐटबाज दिसतात यावर रानात बरेच दिवस चर्चा चालली. कोल्ह्यांनी सांगितलं, आम्ही तर लहानपणापासून आतून उलटेच होतो. हरणांची शिंगं एकमेकांत अडकू लागली, तेव्हा हरणांनी शिंगं घासून बोथट करून घेतली. आधी ती हौस होती, मग चाल झाली, मग रीत झाली. हुकूम सगळ्यात शेवटी निघाला आणि तो निघाला तेव्हा पाळायचं राहिलेलं कोणी फारसं उरलंच नव्हतं.

हुकूम मिठाराम पोपटाने वाचून दाखवला. मिठाराम म्हणजे सरकारी वक्ता. त्याने वाघाच्याही राज्यात हेच काम केलं होतं आणि त्या वेळी तो 'पंजा' हा शब्द फार छान उच्चारत असे.

"तमाम प्रजाजनांस कळविण्यात येते," मिठाराम म्हणाला, "की उलटं होणं संपूर्णपणे ऐच्छिक आहे. ज्यांची इच्छा होणार नाही, त्यांना ती का होत नाही याची आपुलकीने चौकशी करण्यात येईल."

मग घोषणा झाली, "डोकं खाली, भरभराट आली." ती सगळ्यांनी तीनदा म्हटली. उलटं लटकून मोठ्याने ओरडलं की डोक्यात रक्त उतरतं आणि चेहरा तेजस्वी दिसतो, त्यामुळे घोषणा लोकप्रिय झाली.

आता कोठाराचं सांगायला हवं. बेहड्याच्या खोडाला वरपासून खालपर्यंत एक भेग होती. तिच्यातून आतलं धान्य दिसे. बांबूचं बी, चारोळी, सुकलेली मोहाची फुलं, सगळा साठा सोनेरी दिसायचा आणि त्याच्या वरची रिकामी जागा काळी. सोनेरी आणि काळ्याच्या मध्ये जी रेघ दिसे, तिच्यावरून रानाला आपली श्रीमंती कळायची. रेघ वर गेली की बरकत, खाली आली की काटकसर, इतकं सोपं होतं.

झुंबररावांचे भाऊबंद, मेहुणे आणि मेहुण्यांचे मेहुणे कोठाराच्या माथ्यावर लटकत असत आणि वरच्या भोकातून आत उतरून जेवत असत. लपून नव्हे, चांगले भर उजेडात, ढेकर देत. रेघ रोज खाली येत होती. पण उलट्या लटकलेल्या रानाला ती रोज वर चढताना दिसत होती.

"आज रेघ अजून चढली," ससे म्हणायचे.

"वाघाच्या वेळी कधी चढली होती का अशी?" खारी म्हणायच्या.

सोनेरी कुठलं आणि काळं कुठलं, त्यातलं धान्य कोणतं आणि अंधार कोणता, हे विचारायची पद्धत नव्हती. सगळे फक्त रेघ बघत. चरायला म्हणून खाली उतरलेल्याने मान वर करू नये, असाही एक नियम होता. पण चरणाऱ्याची मान खालीच असते, म्हणून तो कोणाला जाचला नाही. कोठारातून मिळणारा शिधा मात्र दिवसेंदिवस कमी होत होता. मिठारामने खुलासा केला की उलटं लटकल्यावर पोट छातीकडे सरकतं, त्यामुळे भूक मुळातच कमी लागते. ज्यांना पूर्वीइतकीच लागत होती त्यांना वाटलं, आपलं लटकण्यात काहीतरी चुकतंय. त्यांनी पाय आणखी घट्ट बांधून घेतले.

हे सगळं बयाजीला तळ्याच्या काठावरून दिसत होतं, कारण तो जसा जन्मला तसाच होता, चारी पायांवर पालथा. उलटं व्हायला त्याची ना नव्हती. अडचण एकच होती. कासव उताणं झालं की त्याला स्वतःहून परत पालथं होता येत नाही. पाठ गोल, पाय आखूड. उन्हात तसंच पडलं तर मरतं. बयाजीने एक ओळखीचं म्हातारं कासव असं वाळूत मेलेलं पाहिलं होतं. त्याचे चारी पाय आभाळाकडे होते.

भुरीआक्काने बरेच दिवस कोणाचं ऐकलं नाही. म्हशीने लटकायचं म्हणजे काय, असंच ती म्हणत होती. पण मग खारी तिला जुन्या वळणाची म्हणू लागल्या, हरणांनी तिच्याशी बोलणं सोडलं, आणि एके सकाळी मिठारामने स्वतः येऊन सांगितलं की पहिल्या रांगेत एक चांगली जाड पारंबी तिच्यासाठी राखून ठेवली आहे. दुपारी बयाजी तळ्यात गेला तर तिथे पाठ नव्हती. पाणी सगळीकडे सपाट होतं. तो बराच वेळ पोहत राहिला आणि मग काठावर येऊन एका दगडावर बसला. दगड तापलेला होता आणि श्वास घेत नव्हता. बयाजीला रडू आलं.

संध्याकाळी भुरीआक्का चरायला खाली उतरली, मान खाली घालूनच.

"बयाजी, ऐक माझं," ती म्हणाली. "सगळं रान इचारतंय, तुझा दोस्त वर का न्हाई म्हनून. मला खाली बघायला लागतंय. म्हंजी वर बघायला लागतंय. काय ते तू समजून घे."

"आक्का, मी उताणा झालो की मरतो."

"मरतोस म्हंजी काय? एवढी सगळी झाली की उलटी. कोन मेलंय?"

"त्यांच्या पाठी वेगळ्या आहेत."

"हेच तुझं चुकतंय बघ. पाठ वेगळी, पाठ वेगळी म्हनत बसतोस आनि मग लोक बी तुला वेगळाच धरत्यात." तिने गवताचा एक घास तोडला. "तू न्हाईस तर दुपारी पाठ कशी हलकी हलकी वाटती रे. झोपच लागत न्हाई."

बयाजीने रात्रभर विचार केला आणि मधली वाट शोधली. तो एका उतरत्या खडकावर डोकं खाली करून बसला. शेपूट वर, नाक खाली, पाठ मात्र जागच्या जागी. चौकशीला आलेल्या लाखनने त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"हा उलटा नाही," लाखन म्हणाला, "हा तिरका आहे. सरळ असणारा निदान अडाणी म्हणून सोडता येतो. तिरका मात्र विचार करून तिरका झालेला असतो."

शेवटी मिठाराम आला. तो रागावला नव्हता. रागावणं त्याच्या कामात बसत नसे.

"बयाजीराव, तुम्ही मोठे, तुमचं वय मोठं," तो म्हणाला. "पण उद्या उलटोत्सव आहे. वरून बघितलं की सगळं रान एका दिशेला दिसतं आणि मध्येच तुमची ती ढाल. चित्र बिघडतं हो. महाराजांना काही वाटत नाही, लोकांच्या भावना दुखावतात. उद्या एकदा झालात की झालं. आम्ही सगळे आहोतच तुम्हाला सांभाळायला."

बयाजीला मरायची भीती वाटत होती. पण ती रिकामी दुपार त्याला अधिक भिववत होती. आणि खरं सांगायचं तर 'आम्ही सगळे' हे शब्द त्याला कोणी बऱ्याच दिवसांत म्हटले नव्हते. तो बरं म्हणाला.

उलटोत्सव ऐन दुपारी भरला. वडाला रान लगडलं होतं. बयाजी पहाटेच निघाला होता म्हणून वेळेवर पोहोचला. चार वानरांनी त्याला मांडवाच्या मधोमध नेलं आणि एक, दोन, तीन म्हणून उताणा केला. जो जल्लोष झाला तसा झुंबररावांच्या विजयालाही झाला नव्हता.

बयाजीचे चारी पाय हवेत धडपडू लागले.

"बघा, बघा," मिठाराम ओरडला, "चारी हातांनी महाराजांना अभिवादन करतोय. आहे का तुमच्यापैकी कोणी चारी हातांनी अभिवादन करणारा?"

सगळ्या सशांना लाज वाटली.

"बयाजीराव, बेहड्याकडे बघा आणि काय दिसतं ते सांगा."

बयाजीने मान लांब करून मागे टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा कोठार उलटं पाहिलं. रेघ अगदी टोकाला पोहोचली होती. रोज पाहिलेली तीच भेग, तोच अंधार. पण आता तो बुडापासून वरपर्यंत काठोकाठ भरलेला दिसत होता. दिसायला फार सुंदर होतं. त्याला सगळ्यांचं सगळं समजलं. यांना मूर्ख म्हणण्यात अर्थ नव्हता, इथून तसंच दिसत होतं.

"भरलेलं दिसतंय," बयाजी म्हणाला.

रानाने त्याचं नाव घेऊन जयजयकार केला. पहिल्या रांगेतून भुरीआक्का सगळ्यांपेक्षा मोठ्याने रेकली. बयाजीला इतकं बरं वाटलं की क्षणभर तो पाय हलवायचाही थांबला. हेच जर सगळ्यांत मिसळणं असेल, तर मरणाचा त्रास त्यामानाने काहीच नाही, असं त्याला वाटून गेलं.

मग भाषणं सुरू झाली आणि त्याला सगळे विसरले.

ऊन त्याच्या पोटावर आलं. कासवाचं पोट कधी ऊन बघत नाही. ते भाजू लागलं. "जरा मला कोणी पालथं करता का?" तो म्हणाला. त्या वेळी लाखन 'उलटेपणा आणि आजचा तरुण' या विषयावर बोलत होता, त्यामुळे ते ऐकू गेलं नाही. बयाजीचे पाय मंदावले. आधी मागचे थांबले, मग पुढचे.

"अहो," भुरीआक्का शेजारच्या कोल्ह्याला म्हणाली, "त्याचं पाय थांबलं."

"समाधान झालंय त्याला," कोल्हा म्हणाला. "सगळ्यांचंच असं होतं."

"समाधान न्हाई ते. मरतोय त्यो. त्यानं सांगितलं हुतं मला."

"आक्का, कार्यक्रम चालू आहे."

भुरीआक्काने पाय झाडले. पुन्हा झाडले. वड हलला, दोन-चार खारी गळून पडल्या, मिठाराम म्हणाला की उत्साह आवरावा. तिसऱ्या हिसक्याला तिची ती राखीव जाड पारंबी तुटली आणि भुरीआक्का बयाजीच्या बाजूलाच धबदिशी आदळली. त्या दणक्याने जमीन उसळली, जमिनीबरोबर बयाजी उसळला आणि खाली आला तो चारी पायांवर.

बराच वेळ दोघं नुसती धापा टाकत होती. भुरीआक्काने डोकं वर केलं तर समोर बेहडा होता. लटकायला लागल्यापासून पहिल्यांदाच तिने कोठार सरळ बघितलं. वरपासून बुडापर्यंत सगळी भेग काळी होती. तळाजवळ एक वटवाघूळ उलटं लटकून शेवटची चारोळी सोलत होतं.

"बयाजी," ती हळूच म्हणाली, "हितं काय बी न्हाई रं."

"नाही," बयाजी म्हणाला. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "कोठार रिकामं आहे."

मिठारामने पिसं नीट केली.

"बयाजीराव, आत्ताच तुम्ही भरलेलं म्हणालात."

"तेव्हा मी उताणा होतो."

"म्हणजे सगळ्यांसारखे होतात तेव्हा तुम्हाला भरलेलं दिसत होतं," मिठाराम म्हणाला, "आणि एकटे पडल्याबरोबर रिकामं दिसायला लागलं. मग दोष कोठारात आहे की एकटेपणात?"

रान खदखदून हसलं. एवढा स्पष्ट मुद्दा बऱ्याच दिवसांत कोणी मांडला नव्हता.

"मला एकट्याला नाही दिसलं," बयाजी म्हणाला. "आक्कालाही दिसलं. विचारा तिला."

सगळ्या रानाने भुरीआक्काकडे पाहिलं. तिने वर पाहिलं. वर हरणं होती, ससे होते, खारी होत्या, आणि पहिल्या रांगेत एक रिकामी जागा होती. तुटकी पारंबी वाऱ्यावर हलत होती.

"मला चक्कर आल्यावानी झालंय," भुरीआक्का म्हणाली. "मला परत बांधा रं कुनीतरी. खालनं लई वाईट दिसतं."

वानरांनी तिला दोन पारंब्या एकत्र करून बांधलं. वर ओढली जाताना तिचं तोंड बयाजीच्या तोंडाजवळून गेलं. "दिसलं मला," ती कुजबुजली. "खोटं न्हाई बोलनार तुझ्यापाशी. पन सगळी वर असताना दोघांनी खाली ऱ्हाऊन करायचं काय?" बयाजीला उत्तर सुचलं होतं, पण ते सुचेपर्यंत ती वर गेली होती. कासवाचं असंच होतं.

मिठारामने लगेच ठराव मांडला: बयाजी कासव याने राज्याच्या भरभराटीचा अपमान केल्याने त्याला हद्दपार करण्यात यावं. पारंबवनात मतदान पूर्वीपासून हात वर करून होत असे. ठरावाच्या बाजूने असेल त्याने हात डोक्याच्या पलीकडे न्यावेत, विरोधात असेल त्याने पोटाशी घ्यावेत.

उलट्या लटकलेल्या प्राण्याचे पुढचे पाय आपोआपच डोक्याच्या पलीकडे लोंबतात. त्यासाठी त्याला काही करावं लागत नाही. पोटाशी घ्यायचे तर ते वर ओढून धरावे लागतात आणि कोणी तरी बघेपर्यंत तसेच ठेवावे लागतात. निम्मं रान तोपर्यंत उन्हाने पेंगुळलं होतं. पण पेंगुळलेल्यांचेही पाय जिथे असायला हवे तिथेच होते.

बयाजीने फक्त पहिल्या रांगेकडे पाहिलं. भुरीआक्काचे पुढचे दोन्ही पाय खाली लोंबत होते. त्यातला एक थोडा वर उचलला गेला, गुडघ्यात थरथरला आणि परत खाली आला. पाय जड असतात म्हशीचे. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते.

"एकमताने," मिठाराम म्हणाला.

हद्दपारीचा हुकूम तातडीने अमलात आणला गेला. बयाजी त्याच क्षणी निघाला. कोणी दिसलं की तो थांबून कोठाराचं सांगतो. ऐकणारा विचारतो, हे तू उलटा होऊन बघितलंस का? बयाजी म्हणतो, बघितलं, तेव्हा मला भरलेलं दिसलं होतं. ऐकणारा म्हणतो, मग झालं तर.

त्यानंतर पारंबवनात कितीतरी निवडणुका झाल्या आणि सगळ्या एकमताने झाल्या. निकालावर शंका घेणारा एकही जण या राज्यात राहत नाही, असं मिठाराम दर वेळी सांगतो. ते अगदीच खोटं नाही. जो आहे, तो राहत नाही. हद्द अजून दोन कोस लांब आहे आणि तो चालतो आहे.